लाईट गेली म्हणाला, तरी पाडलं

मंडळी, आज दुपारी कॅम्प तीनमध्ये राहणाऱ्या विकीचं विमान पाडलं आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

नवीन लोकांसाठी सांगतो. आपल्या ऑनलाईन लढाईत नियम आहे की कुणाकडे लाईट गेली तर त्याने माईकवर सांगायचं, आणि यूपीएस बंद पडायच्या आत त्याला विमान उतरवू द्यायचं. आम्हा बदलापूरवाल्यांचं त्याशिवाय भागत नाही.

गेल्या आठवड्यात मी विकीच्या शेपटीला लागलो होतो. "भाई, लाईट गेली," म्हणाला. मी सोडून वळलो, तर याने मागून येऊन मलाच उडवलं. त्याच्या घराखालच्या जीन्सच्या कारखान्यातल्या मशिनी तेव्हा माईकवर मस्त खडखडत होत्या. वर हसून म्हणतो, "चलता है यार."

आज मी सूर्य पाठीशी ठेवून उंचावर थांबलो आणि तो दिसताच थेट त्याच्या मागे उतरलो.

"लाईट गेली रे, सच्ची."

मी नीट कान दिला. मशिनी बंद होत्या. यूपीएस टूं टूं करत होता.

मग बटण दाबलं.

आता तो सगळ्यांना सांगतोय की मी नियम मोडला. मोडलाच. तुम्ही सोडलं असतं त्याला?