बाबांच्या वहीतला आर्चबिशप

ऑक्टोबर २०२० मधला दुसरा शनिवार. रक्कम एक हजार सहाशे चाळीस डॉलर, मेलबर्न ते दिल्ली. पुढे पुण्याचं वेगळं. हजर चौघं: बाबा, माझी बायको, मी, आणि साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर पुण्याहून आई. अडकलेल्या लोकांसाठी सोडलेल्या विमानात बाबांना एक सीट मिळत होती. ट्रॅव्हल एजंटने ती सोमवारपर्यंत धरून ठेवली होती.

बाबा फेब्रुवारीत, मेलबर्नजवळ वेरिबीला आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी आले, तीन महिन्यांकरता. आई आली नाही. इतके तास पाय दुमडून बसणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात ती दोघं इतके दिवस कधी वेगळी राहिली नव्हती.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एकच विषय धरला होता: तेराव्या शतकातला हंगेरीचा एक आर्चबिशप. एवढा मोठा धर्मगुरू, पण स्वतः चिलखत घालून फौजेच्या पुढे जायचा, आणि मंगोलांशी लढताना मेला. पुण्यात बसून हंगेरी कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "मराठीत त्याच्यावर कोणी लिहिलेलं नाही, म्हणून." त्याचं चरित्र ते दोनशे पानी वहीत लिहीत. आमच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आईच्या दुपारी दीडला, दिवसभरात झालेलं पान तिला फोनवर वाचून दाखवत. पुण्यातही जेवणानंतर ते असंच वाचायचे. शनिवारी मी आठवड्याची पानं टाइप करायचो.

एकदा बाबा वाचत होते, "राजाने हुकूम काढला की कोणीही छावणीबाहेर पडू नये."

"अगदी आपल्या चिरंजीवांसारखा," आई म्हणाली. लॉकडाउनमध्ये रोज तासभरच बाहेर फिरायची मुभा होती, आणि मी त्याला मोबाइलवर गजर लावत असे.

"अगं, ऐक तरी. आर्चबिशप हुकूम मोडून बाहेर पडतो. शत्रू पळाल्याचं सोंग करतो, हा पाठलाग करतो आणि दलदलीत शिरतो. अंगावर जड लोखंड. त्याची माणसं रुततात आणि वरून बाण. तीन-चार जणांना घेऊन कसाबसा परत येतो."

"गेलाच कशाला पण?"

"पिकं जाळत होते, माणसं मारत होते. त्याला बसवेना."

"बायको नव्हती ना घरी. असती तर अडवलं असतं."

बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

तर तो शनिवार. मी आदल्या दिवशी एक्सेलची शीट केली होती. बाबांचं वय शहात्तर, मधुमेह, पुण्यातले रोजचे रुग्ण, मेलबर्नमधले रोजचे रुग्ण, विमानतळांवरचे तास. आकडे बरोबर होते. मी ते पुन्हा तपासले आहेत, आजही बरोबर आहेत.

"बाबा, लस येईपर्यंत थांबा," मी म्हणालो.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून शीट नीट वाचली. "यात तुझी आई कुठे आहे?"

"आई घरात आहे. तिला काय धोका?"

बायको म्हणाली, "अरे, सीट असू दे ना. जायचं का नाही ते बाबांना ठरवू दे."

मग आईच म्हणाली, "अहो, तो एवढं मोजून सांगतोय तर थांबा. मी कुठे पळून चाललेय?"

सोमवारी सकाळी मी एजंटला फोन करून सीट सोडली.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आईला ताप आला. चुलतभावाने धावपळ केली, दुसऱ्या दिवशी बेड मिळाला, पाचव्या दिवशी ती गेली. चुलतभावाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी ताठ बसले होते. आई पांढऱ्या प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळलेली होती.

"तीच आहे ना रे?" बाबांनी विचारलं.

"हो काका. नावाची चिठ्ठी लावलीय."

कॉल अकरा मिनिटं चालला. बाबांना दहाव्याला तरी पोचायचं होतं. त्याच दिवसांत विमानं थांबली. मी सात एजंटांना विचारलं. एकाकडेही सीट नव्हती.

त्यानंतर बाबांनी लिहिलं नाही. तरी संध्याकाळी सहाला वही घेऊन खुर्चीत बसायचे. जूनमध्ये एकदा मी म्हणालो, "मला वाचून दाखवा ना."

त्यांनी वाचलं. लढाईच्या आदल्या रात्रीचं पान होतं. छावणीभोवती गाड्या एकमेकींना बांधून कोट केलेला, आत तंबूंच्या दोऱ्यांची इतकी दाटी की चालायला वाट नाही, आणि आर्चबिशप राजाला बेसावधपणाबद्दल सुनावतो आहे. परिच्छेद संपल्यावर ते थांबले. आई नेहमी तिथेच बोलायची. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "गाड्या किती होत्या?"

"कोणी मोजल्या नाहीत." त्यांनी वही मिटली. "तिने विचारलं असतं, तो जेवला होता का?"

"पुढचं लिहा, बाबा. एकच प्रकरण राहिलंय."

"पुढे तो मरतो. ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला तो आवडायला लागला होता."

मी दोन महिने मनात घोळवत असलेलं वाक्य तेव्हा बोलून टाकलं. "ती सीट मी सोडायला नको होती."

"हो," बाबा म्हणाले.

ते "नाही रे, तुझा काय दोष" म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उठून खिडकी लावली, वारा येत होता म्हणून, आणि जेवायला काय आहे ते बायकोला विचारलं. त्या दिवशी ते नीट जेवले. मला जेवण गेलं नाही.

डिसेंबरमध्ये नेहमीची विमानं सुरू झाली. मी जाण्यायेण्याचं तिकीट काढणार होतो. येऊन जाऊन राहा, म्हणालो. बाबांनी फक्त जाण्याचं सांगितलं. पुण्यात रिकाम्या घरात एकटे कसे राहणार, असं बायकोने दोनदा विचारलं. "तिचं घर आहे ते," एवढंच म्हणाले.

शेवटी दिले ते दोन हजार एकशे दहा डॉलर, ट्रॅव्हल एजंटला, एका एकेरी तिकिटाचे. दिले बाबांनी, आपल्या पेन्शनच्या खात्यातून. माझं कार्ड टेबलावर होतं, ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं.