सुक्या चेनीच्या चार फेऱ्या

तिसऱ्या फेरीला चेन पुन्हा उतरली. लागोपाठ दुसऱ्या दिवशी, आणि त्याच चढावर. वैष्णवी बाईक ढकलत खाली आली. धूळ गेली म्हणत तिने डोळे पुसले, पण ती रडत होती हे मला कळत होतं.

मी एका ऑफ-रोड रायडिंग स्कूलचा मेकॅनिक, सगळ्यांचा 'मेस्त'. आधी डिचोलीच्या एका खाणीवर डंपर दुरुस्त करायचो. खाण बंद पडली, तसा दुचाकींकडे वळलो. सर्वण गावाच्या पुढे खाणीच्या जुन्या रस्त्यांवर आमचा सराव चालतो. वैष्णवी पार्से गावची, पेडण्याला ऑफिसात क्लार्क. रविवारी एका रेसिंग टीमसाठी निवड होती, आणि स्कूलकडून ती उतरणार होती. याच ट्रॅकवर चार फेऱ्या, आणि जागा एकच. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे हीच काय ती संधी.

स्कूलचे मालक प्रकाशबाब वैतागले होते.

"मेस्त, पोरीक बाईक झेपणा नाय. दुसऱ्या कोणाक तरी बसवया."

"आधी चेन बघतंय. पोरीचा मागसून बघू," मी म्हटलं.

चेनीवर लाल-काळा थर होता. बोटांत चोळला तर करकर वाजला. मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चाकावरून, चेन ओढून बघितली. फारशी सुटली नाही. म्हणजे झिजली नव्हती. पण पाच-सहा कड्या वाकायलाच तयार नव्हत्या. अशी जाम कडी दातांवर नीट बसत नाही. त्यात दातांच्या फटीत माती गच्च भरलेली. चेन उतरली नसती तरच नवल.

"इतका तेल कोणी घातला?" मी विचारलं.

"मीच," वैष्णवी म्हणाली. "रोज सकाळी, निघायच्या आधी. बाबा पावसाआधी स्कूटरीक फासतत ना, जुना इंजिन ऑइल, तसा."

मी कपाळावर हात मारला. तिला तरी काय बोलणार? आमच्याकडे मे महिन्यात गाडीला खालून तेल फासल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. गंजाला ते बरं आहे. पण खाणीच्या धुळीत तेच तेल माती धरतं आणि घासून झिजवणारी पेस्ट होते. पोरगी रोज मायेने चेनीचा गळा आवळत होती.

लोकांना वाटतं, चेनीला तेल पाजायचं असतं. आजच्या चेनीत ग्रीस कारखान्यातच आत भरलेलं असतं. ते बाहेर येऊ नये म्हणून कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असतात, त्यांना ओ-रिंग म्हणतात. बाहेरून लुब, म्हणजे वंगण, मारायचं ते त्या रिंगा मऊ राहाव्यात, गंज चढू नये आणि दातांवर घासणं कमी व्हावं म्हणून. त्याला पातळ हात पुरतो.

शनिवारी दुपारी चेन धुतली. रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश मी जवळपास फिरकू देत नाही, रिंगांची वाट लागते. जाम कड्या एकेक करून हलवून मोकळ्या केल्या. मग बाईक थोडी फिरवून चेन कोमट केली आणि आतल्या बाजूने वॅक्सचं लुब मारलं. हे लुब सुकतं आणि त्याचा मेणासारखा पातळ थर राहतो. धूळ त्याला फारशी चिकटत नाही. वरचं सगळं फडक्याने पुसून काढलं, चेनीला पुरेशी ढील दिली आणि बाईक सकाळपर्यंत तशीच ठेवली.

रविवारी स्टार्ट लाईनवर प्रकाशबाब महागडा डबा घेऊन हजर. "रेसिंगचा लुब. चिकट. जराय उडणा नाय."

"म्हणूनच नको," मी म्हटलं. "धूळपण उडाची नाय."

"मेस्त, चेन सुकी दिसता," वैष्णवी वाकून बघत म्हणाली. "पयल्यांदाच तेल न घालता जातंय."

"तेल कालच घातलाय गो. तू पुढे बघ. चेन माझी."

प्रकाशबाबांनी डब्याचं नोझल चेनीकडे नेलं. मी मध्ये उभा राहिलो. वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही मालकाला आडवं जाण्याची ही पहिलीच वेळ. प्रकाशबाब डबा घेऊन बाजूला झाले.

पहिल्या फेरीला ती चौथी होती. दुसऱ्या फेरीला पुढच्या एकाची चेन उतरली, ती तिसरी झाली. तिसऱ्या फेरीचा तो चढ आला आणि मी श्वास रोखला. बाईक सरळ वर गेली! चौथ्या फेरीत तिने उरलेल्या दोघांना उतारावर मागे टाकलं. ते काम चेनीचं नव्हतं, ते तिचं. मी गुडघेदुखी विसरून उड्या मारल्या.

तासाभराने यादी लागली. एकच नाव होतं, वैष्णवीचं. माझ्या ग्रीसने माखलेल्या हातांसकट तिने मला मिठी मारली.

प्रकाशबाब डबा हातात फिरवत म्हणाले, "मेस्त, ह्याचा आता काय करू?"

"ठेवा. पावसात धूळ नसता, तेव्हा लागतलो."

आता स्कूलमध्ये नवीन कोणी आलं की पहिला आठवडा मी त्याला लुबच्या डब्याला हात लावू देत नाही. चेन पुसायला बसवतो. बहुतेकांना वाटतं, म्हातारा फुकट राबवून घेतोय.