नळी आधी फुगते की आकसते?

मा-पुलेंग मोर्चात पाय आपटायला लागली की आमच्या काटलेहोंग वस्तीच्या रस्त्यावरची धूळ कमरेएवढी उडते. आवाजही तिचाच. ती एक ओळ टाकते, आम्ही सातआठशे जण ती उचलतो आणि सगळ्यांचे पाय एकदम पडतात. जोहान्सबर्गच्या विद्यापीठात ती फरशी पुसते. तिची लेक पुलेंग, जिच्यावरून तिला मा-पुलेंग म्हणतात, त्याच विद्यापीठाच्या तळघरात लेझर लावून बसते. फरशी पुसणाऱ्या बायांना ठेकेदाराच्या तावडीतून सोडवा, कायम करा, म्हणून मी मोर्चा ठरवला होता. आदल्या संध्याकाळी मला अबुती, म्हणजे दादा, म्हणणारी ही पोरगी माझ्यापुढे उभी.

"अबुती मोत्सामाय, उद्या सकाळी लेझरवर माझी पाळी आहे. तुमचा मोर्चा बरोबर माझ्या डोक्यावरून जाणार."

"मग?"

"मग काय! तुम्ही नाचणार, जमीन हलणार, नळीवरचा माझा किरण हलणार. धक्के बसू नयेत म्हणून टेबल हवेवर तरंगतं, पण तुमच्या पायांपुढं हवा तरी काय करणार? पुढची पाळी पुढच्या वर्षी. तोवर शिष्यवृत्ती संपलेली."

माझं डोकं फिरलं. "इतक्या बायांच्या पोटाचा प्रश्न, आणि तू मला नळीचं सांगतेस? डोळ्याला तरी दिसते का ती?"

"नाही दिसत. तुम्हाला नाकापुढचं तरी कुठं दिसतं?"

असं तोंड. आमच्या गल्लीचंच आहे ते.

मा-पुलेंग तिथंच माग्विन्या तळत होती. पिठाचे गोळे तेलात टम्म फुगत होते. "भांडू नका," ती म्हणाली. "पोरी, तू तिथं करतेस काय, ते एकदा मला नीट सांग."

"मा, कार्बनची नळी असते. केसाहून हजारो पट बारीक. तिच्यावर प्रकाशाचा फटका मारायचा. नळीतले इलेक्ट्रॉन उठून वरच्या जागी जातात. ते उठले की नळीला तिचा जुना घेर जमत नाही. मग ती श्वास घेतल्यासारखी फुगते, आकसते, पुन्हा फुगते. एकटीचा श्वास कुणाला कळणार? पण फटका लाखो नळ्यांना एकाच क्षणी बसतो, म्हणून सगळ्या एका तालात."

"म्हणजे मी ओळ टाकते तसं."

"अगदी. तो फटका म्हणजे तूच."

मा-पुलेंगची मान ताठ झाली. "मग आधी फुगते की आकसते?"

"तेच तर उद्या बघायचंय. काही घेराच्या नळ्या आधी फुगतात, काही आधी आकसतात. माझ्या आकसतील, असं माझं गणित म्हणतं."

"काहीतरीच! गरम तेलात पडलं की फुगतंच. हरले तर अख्ख्या मोर्चाला माग्विन्या माझ्याकडून."

"मोर्चाची वेळ बदलणार नाही," मी बजावलं. विद्यापीठाचे सगळे साहेब उद्याच एकत्र बसणार होते, तेही पुलेंगच्याच इमारतीत.

सकाळी गात, नाचत आम्ही पुलेंगच्या तळघराच्या इमारतीशी पोचलो. पुढची ओळ मा-पुलेंगची. तिनं मूठ वर केली आणि ओळ टाकायच्या ऐवजी बोट ओठांवर ठेवलं. मग वाकून बूट काढले. मागच्या बायांनी पाहिलं, त्यांनीही काढले. बघता बघता सगळा मोर्चा अनवाणी आणि गप्प.

मी दात खात तिच्याजवळ गेलो. "मा, हे काय? साहेब वर बसलेत. त्यांना ऐकू जायला नको?"

"त्यांना रोज ऐकवतोच. आज माझी पोर कान लावून बसलीय. गप उभा राहा."

उभा राहिलो. कुणीतरी शिंकलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की बिचाऱ्यानं टोपी तोंडात कोंबली.

वरच्या खिडक्या एकेक उघडू लागल्या. आमची गाणी त्यांच्या सवयीची, खिडक्या लावून ते चहा प्यायचे. ही शांतता मात्र त्यांना झेपेना. शेवटी एक टायवाला धापा टाकत खाली आला. "काय झालं? गात का नाही तुम्ही?"

"श्श!" मा-पुलेंग म्हणाली.

तो चक्क गप्प झाला! मी मागण्यांचा कागद पुढं केला, त्यानं मुकाट्यानं घेतला आणि तोही आमच्यात उभा राहिला.

तेवढ्यात तळघराचं दार धाडकन उघडलं. पुलेंग धावत आली, लेझरचा चष्मा कपाळावर. "आकसली! मा, आधी आकसली!"

"सगळ्या?"

"सगळ्या! एका तालात!"

"आणि नंतर?"

"नंतर फुगल्या."

"मग अर्धी पैज माझी," म्हणत मा-पुलेंगनं लेकीला आपल्या शेजारी ओढलं आणि अशी ओळ टाकली की टायवाला दचकून मागं सरला. शेकडो अनवाणी पाय एकदम पडले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळ्यांत जोरात पाय आपटत होती ती पांढऱ्या कोटातली पुलेंग.

"अगं, तुझा किरण!" मी ओरडलो.

"हलू दे आता!"