टाके टिकतात म्हणे

माझ्या चपला माझ्याच डोक्यावर होत्या आणि ओट्यावरची माणसे हसत होती. फुलंब्रीपलीकडच्या आमच्या गावातले ते सर्वांत मोठे जमीनदार घर. मालक ओरडले होते, "ए मेंढक्या, पायात काय हाय? डोक्यावर घे ते पायताण. गाव संपंपोतर खाली ठिवायचं नाय." त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो सर्वांत मोठ्याने हसला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे साक्ष देणार आहे तोच.

बाने मेंढरे हाकली, मागे वळून पाहिले नाही. गावाबाहेर आल्यावर म्हणाला, "किती डाव सांगितलं, त्या घरापुढं चपला हातात घ्यायच्या. टाके टिकतात."

वारा पाहून चूल मांडावी, अनोळखी विहिरीत आधी खडा टाकावा, चपला हातात घ्याव्यात. बाच्या या साऱ्या युक्त्या मी एकाच पंगतीला बसवल्या होत्या. त्या दिवशी मात्र नीट पाहिले. खडकाळ वाट लागताच बाने चपला पायात घातल्या. सारवलेल्या अंगणापुढे टाके जपायचे आणि दगडांवर झिजवायचे?

आत्याला विचारले. ती म्हणाली, "टाक्याचं नाय रं ते. तुला खरं सांगाया तुझ्या बाला लाज वाटती. उद्या मी येते. तू मान वर ठिव, पायाखालचा काटा मी बघते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे चपला घालून त्या घरापुढून निघालो. मालक उठले. आत्या थांबली. "व्हय मालक, पायातच हायेत. डोक्यावर भाकरीची पाटी हाय, तिथं जागा नाय."

शिव्या आल्या. त्यांच्या रानात खतासाठी आमची मेंढरे बसत, त्याबदल्यात आम्हाला ज्वारी मिळे. ते बंद झाले. आम्ही उपाशी निजलो, पण आत्याने आणि मी पुन्हा चपला काढल्या नाहीत. बा मात्र मरेपर्यंत काढत राहिला.

मालकांचा तो मुलगा आज निवृत्त अधिकारी आहे आणि चिकलठाण्याच्या आमच्याच सोसायटीत राहतो. परवा सभागृहात ज्येष्ठांचा मेळावा होता. विषय, जुन्या माणसांचे शहाणपण. माइक हातात घेऊन हे गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरापुढून मेंढपाळ चपला हातात घेऊन जायचे. मातीचा स्पर्श! म्हणून गुडघे ठणठणीत. लई शहाणी माणसं."

टाळ्या पडल्या. माझ्या मुलानेही वाजवल्या. अपमान धुऊन, इस्त्री करून त्याचे आरोग्यसूत्र बनवलेले मी प्रथमच पाहत होतो.

मी उठलो. "गुडघ्यांसाठी नव्हे. तुमच्या वडिलांच्या धाकामुळे."

ते गोड हसले. "भाऊ, असं काय करता? तुमचे वडीलच म्हणायचे, टाके टिकतात. मी सोता ऐकलंय."

सभागृह हसले. तेच हसू. मुलाने बाही ओढली, "आबा, बसा ना. जुनं झालं आता."

मी बसलो नाही. "ऐकलंत ना? मग माझ्या डोक्यावर काय होतं, तेही सांगा. तुम्ही ओट्यावरच होता."

त्यांनी माइककडे पाहिले. मग म्हणाले, "चला, चहा घेऊ या."

खाली आलो तर, ते भाषण ऐकून आधीच खाली पळालेली माझी नात पार्किंगमध्ये अनवाणी फिरत होती. चपला हातात. "आबा, अशानं गुडघे चांगले राहतात ना?"

बा माझ्याशी खोटे बोलला, कारण त्याला मला जपायचे होते. हे गृहस्थ खोटे बोलतात, कारण त्यांना तो ओटा जपायचा आहे. ही दोन खोटी एक नव्हेत, आणि यांतले एकही माझ्या घरात पुढे जाणार नाही. नातीला मी तिथेच चपला घालायला लावल्या आणि सारे सांगितले. माझ्या डोक्यावर काय होते, तेसुद्धा.

येत्या रविवारी तिला गावी नेणार आहे. माझे गुडघे ठणठणीत नाहीत. म्हणून त्या ओट्यापुढून आम्ही बूट घालून, अगदी सावकाश जाणार आहोत.