कण्हेरीवरचं भरीत

माझ्या सासऱ्यांना मी आयुष्यात एकदाच विष घालायला निघालो होतो, आणि तेही अत्यंत आदराने.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी भुसावळला रेल्वेत कारकून. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही सासुरवाडीची रीत. माझी बायको सुमन बाळंत झाली, आणि यावलजवळच्या खेड्यातून आबा (म्हणजे सासरे) आणि त्यांची थोरली बहीण अक्का आमच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदाच जेवायला आले. सोबत टोपलीभर हिरवी वांगी! सुमन सकाळपासून नुसती हसत होती. या एका पंगतीची तिने चार वर्षं वाट पाहिली होती.

"भरीत मी करणार!" मी जाहीर केलं. (कोणीही विचारलं नव्हतं.)

आता खानदेशात भरताचं वांगं भाजायचं ते पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये कपाशी कुठली? पण कुंपणाला गुलाबी कण्हेर होती. महिन्यापूर्वी मीच ती छाटली होती आणि काड्या वाळून कडकडीत झाल्या होत्या. काडी ती काडी! मागच्या अंगणात जाळ केला. धुराने डोकं गरगरलं, ते मी कष्टाचं लक्षण समजलो. वांगी ठेचली, फोडणी दिली आणि मीठ बघायला चाटून पाहिलं. (तीनदा. मीठ पहिल्यांदाच बरोबर होतं.)

आबा पाटावर बसले. पहिला घास उचलला. तेवढ्यात मागे पाय धुवायला गेलेल्या अक्का अर्धवट जळलेली काडी घेऊन धावत आल्या आणि धाकट्या भावावर ओरडल्या.

"नथू, घास टाक! टाक म्हन्ते ना!"

"काय झालं व अक्का?"

"जवाईबापूनं कन्हेरीवर भाजलं भरीत! आपला ढवळ्या बैल काय खाऊन मेला, इसरला का?"

घास ताटात पडला. मी दुखावलो. "अहो अक्का, ही फुलं आपण रोज देवाला वाहतो!"

"वाहतो, जवाईबापू! देवाले त्याचं भरीत खाऊ घालतो का?"

सुमनचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही चाखलं तर नाही ना?"

"फक्त मिठापुरतं."

"किती वेळा?"

मी तीन बोटं दाखवली आणि घरात रडारड सुरू झाली. आबांनी मला उचलूनच टांग्यात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घालून माझं पोट धुतलं आणि संध्याकाळपर्यंत नाडी धरून ठेवली. बाहेर बाकावर आबा उपाशीपोटी बसून होते. जावई हाती लागेपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

दिवेलागणीला घरी आलो. सुमनने पिठलं-भाकरी केली. पहिला घास घेताना आबांचे डोळे भरले, आणि सुमनचेही. अक्कांनी त्या दिवशी पाय धुतले नसते तर? अजून अंगावर काटा येतो. त्या माउलीच्या पायांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

तेव्हापासून दर हिवाळ्यात अक्का वांग्यांबरोबर पऱ्हाटीचा भारा पाठवतात. भरीत अजून मीच करतो. सगळी मंडळी जमली की जावयाचा मान म्हणून पहिला घास मलाच देतात. मग सगळे हात आवरून पाच मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत बसतात!