भास्करचं मशीन माझं ऐकतं

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा आमचं भांडण चालू होतं. आदल्या दिवशी मी त्याला मोबाइलवर माझ्या आवाजात एक लांबलचक निरोप पाठवला होता, की ते मशीन तुझ्यापाशीच ठेव, मला त्याच्याबरोबर गायचं नाही, आणि पुन्हा ते घेऊन माझ्या घरी आलास तर दारातूनच परत पाठवीन. त्यानं तो ऐकला होता. तशा निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर मात्र आलं नव्हतं. उत्तर न देता गप्प बसणं हा काही त्याचा स्वभाव नव्हे, त्यामुळे मी वाट बघत होते, आणि त्यानंतर त्याला काय सुनवायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. दुपारी त्याची मुलगी प्रज्ञा हिचा फोन आला. "आत्या, पप्पा गेले गं," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस उत्तर न देताच सुटला.

याला काही आठवडे झाले. पुरवणीसाठी लिहा, असं सांगणारे गृहस्थ म्हणाले, चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द फलकावर पुष्कळ लिहून झालेत. औरंगपुऱ्याच्या चौकात त्याचा हसरा फोटो लावून खाली शांत, संयमी, सर्वांना सांभाळून घेणारा असं छापलं होतं. मी रिक्षातून जाताना ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. शांत एक वेळ म्हणा, झोपेत असायचा. पण सांभाळून घेणारा? ज्यानं तो मजकूर लिहिला, त्यानं भास्करच्या पेटीसमोर बसून एकदा तरी गायला हवं होतं.

भास्कर माझा मामेभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. पाचोडला आमची घरं एकाच गल्लीत. बुद्धविहारात संध्याकाळी पेटी वाजवायला तो शिकला आणि गायला मी. पुढे तो वीज कंपनीत कारकून होऊन शहरात आला, मलाही सासर इथलंच मिळालं, आणि आम्ही दोघांनी मिळून भीमगीतांची गायन पार्टी काढली. गाणी तो लिहायचा, चाली त्याच्याच, पेटी त्याची. आवाज माझा, मागे वस्तीतल्या बायकांचा कोरस. जयंतीच्या महिन्यात आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची.

गाणारा चुकला की पेटीवाला त्याच्या मागे जातो, ती जागा झाकतो, ऐकणाऱ्याला कळूही देत नाही. सगळीकडे हीच रीत आहे. भास्करची रीत अशी, की मी चुकले की तो भाता थांबवायचा. पाचोडच्याच बाजार मैदानात, आठवडी बाजाराच्या दिवशी, पुढच्या रांगेत खास शहरातून आलेले माझे सासरे बसलेले असताना मी एका ओळीत शब्दांची अदलाबदल केली. पेटी बंद. ढोलकीवाला गोंधळून थांबला. भास्करनं खिशातून रुमाल काढला, पट्ट्या पुसल्या, आणि माइक ओढून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "चुकली. पहिल्यापासून." मी पहिल्यापासून गायले. घरी येईपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, तो जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता.

मग इतकी वर्षं त्याच्याचबरोबर का गायलात, असं मला विचारतात. दुसऱ्यांबरोबर गाऊन पाहिलं मी. चांगली माणसं होती, सगळ्यांनी मला सांभाळलं. पण घरी आल्यावर आपलं नेमकं कुठं बिघडलं ते कळेना. भास्करबरोबर गायलं की रागानं झोप यायची नाही, पण पुढच्या वेळी तीच चूक होत नसे.

दोनेक वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, डाव्या हातात मात्र जीव राहिला नाही, आणि पेटीचा भाता डाव्या हातानंच मारायचा असतो. मी म्हणाले, एखादा नवा पेटीवाला घेऊ, तू शेजारी बसून त्याला चाली सांग. तो म्हणाला, माझ्या पेटीवर दुसऱ्याचा हात चालणार नाही. वर्षभर पार्टी बंद पडली. मला वाटलं संपलं आता. तेवढ्यात त्यानं लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर शोधून काढलं.

ते होतं सिंथेसायझरच, पण त्याला पट्ट्या नाहीत, पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा. आपण त्याला आवाज भरवायचे, मग ते त्या आवाजांचा भुगा करतं आणि त्यातून हवे ते सूर काढतं. शिवाय त्याला माइक लावला की ते गाणाऱ्याचं ऐकतं आणि आपलं आपण मागं वाजत जातं. कुणा परदेशातल्या एकट्या माणसानं बनवलेलं, अजून अर्धवट. उघडलं की आधी सूचना यायची, की हे प्रायोगिक आहे, कधीही बदलेल किंवा बंद पडेल. मी म्हणाले, बनवणाराच अशी हमी देतोय तर तू कशाला जीव टाकतोस. पण ऐकेल तर भास्कर कसला. प्रज्ञाला भाता मारायला बसवून त्यानं उजव्या हातानं आपल्या पेटीचा एकेक सूर त्यात भरला. वेरूळला जाऊन लेण्यात टाळ्या वाजवून तिथला घुमारा भरून आणला. रखवालदारानं हाकललं, तेही मला कौतुकानं सांगितलं. पहिल्यांदा मला ऐकवलं तेव्हा पत्र्याच्या टाकीत पेटी पडल्यासारखं वाजत होतं. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, माझे कान म्हातारे झालेत.

एक मात्र कबूल करते, त्यानं सक्ती केली नाही. "आपल्या गाण्याला मानवतं का नाय, एवढंच बघायचं," तो म्हणाला. "मानवलं तर जयंतीला घ्यायचं. नाय मानवलं तर आपली पार्टी बंद. मंग तू बी मोकळी, मी बी मोकळा." म्हणजे ठरवायचं होतं ते मशीनचं नव्हे, मी पुन्हा उभी राहून गाणार की नाही याचं. हे त्यानं इतकं सहज माझ्या गळ्यात घातलं की मला तेव्हा पुरतं कळलंही नाही.

ठरवण्याची आमची जुनी पद्धत आहे. नवं गाणं झालं की रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायकांसमोर म्हणायचं. कुणाला काही शिकवायचं नाही, साथ द्या असंही म्हणायचं नाही. त्यांनी आपण होऊन मुखडा उचलला तर गाणं ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. मशीनचीही परीक्षा तशीच घ्यायची ठरली. गाणं घेतलं ते आमचं सर्वांत जुनं, भास्करनं त्याच्या आईवर, म्हणजे माझ्या मामीवर लिहिलेलं. मामी पोराच्या पाटीवर अक्षरं गिरवायला शिकली त्याचं ते गाणं आहे. पहिल्या कडव्यात ती पाटी पुसते, दुसऱ्यात रेघा ओढते, तिसऱ्यात स्वतःचं नाव लिहिते.

बायकांनी मुखडा पहिल्याच फेरीत उचलला. भास्कर खुर्चीत बसून माझ्याकडे जिंकल्यासारखा बघत होता. आमचा कोरस रंगला की टाळ्या चढत जातात, हे आम्हाला नेहमीचं. त्यांना मागं ओढून धरायचं काम पेटीचं. मशीनला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं टाळ्या ऐकल्या आणि ते टाळ्यांच्या मागं धावलं. बायकांना वाटलं भास्करदादांनी लय वाढवली, म्हणून त्याही धावल्या. त्या धावतात म्हणून मशीन आणखी धावलं. दुसऱ्या कडव्यात माझी जीभ वळेना. तिसऱ्यात मामीनं नाव काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही, आणि मग लॅपटॉपमधून एक किंचाळी निघून सगळं बंद पडलं. कोरसमधल्या सगळ्यांत वडील गयाबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "कुठली गाडी धरायची व्हती रं भास्कर?" सगळा विहार हसला. मी हसले नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला नको नको ते बोलले. तो ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, मशीनची काही चूक नाही, मीच त्याला सगळ्यांचं ऐकायला लावलं. मग आता कुणाचं ऐकायला लावणार, मी विचारलं. तो म्हणाला, "तुझं."

महिनाभरानं तो प्रज्ञाला घेऊन रिक्षानं माझ्या घरी आला, लॅपटॉप मांडीवर पोरासारखा धरून. माझ्या पदराला छोटा माइक लावला आणि म्हणाला, गा. आता ते फक्त माझं ऐकत होतं. मी थांबले की थांबायचं, मी ओढलं की ओढायचं. आवाजही सुधारला होता, डोळे मिटले तर त्याचीच पेटी. शेजारची बाई दारात येऊन वा म्हणून गेली. मला मात्र गाताना कसंतरी होत होतं, टेकायला जावं आणि मागे भिंतच नसावी तसं. मी म्हणाले, नाही मानवत. त्यानं विचारलं, "काऊन?" मला सांगता येईना. तो लालबुंद झाला. "कारण सांग," म्हणाला. "इतके दिवस मरमर केली म्या. नुसतं नाय म्हनून कसं चालंल?" मी पुन्हा नुसतं नाहीच म्हणाले. तो वायरी गुंडाळून निघून गेला, चहाही घेतला नाही. त्यानंतरच मी तो निरोप पाठवला. त्यातलं एक वाक्यही मी आज मागे घेणार नाही.

भास्करच्या पुण्यानुमोदनाच्या विधीआधी प्रज्ञानं मला घरी बोलावलं. त्याच्या माडीवरच्या खोलीत पेटी कापडाखाली झाकलेली होती आणि टेबलावर लॅपटॉप उघडा. ती म्हणाली, कार्यक्रमात पप्पांच्याच सुरांवर पप्पांचं गाणं झालं पाहिजे, विहारातल्या मंडळींनाही ते आवडलंय. मी म्हटलं, लाव. मी पाटीचं गाणं सुरू केलं. पेटी वाजू लागली, तीच, जुन्या पट्टीतला तो थोडा घोगरा सूर सुद्धा तोच... दुसऱ्या कडव्यात मी मुद्दाम चुकले. चांगली ढळढळीत चुकले, ओळ अर्ध्या मात्रेनं उशिरा उचलली आणि वरचा सूर सोडून भलतीकडेच गेले. आणि पेटी बंद पडायची मनातून वाट बघत राहिले. मशीन नाही थांबलं. ते माझ्या मागोमाग त्या भलत्या सुरावर आलं, खाली एक गोड स्वर धरला आणि माझी चूक अशी सजवली की नवख्याला वाटावं, चाल हीच आहे. तेव्हा मला ते कारण सापडलं, जे मी त्याला सांगू शकले नव्हते. मी माइक काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या बापानं जल्मात एकदाच माझं ऐकायचं ठरवलं," मी म्हणाले, "अन् ते बी मशीनकडून. मला नको."

"आत्या, तुझ्यासाठीच केलं होतं त्यांनी. शेवटचं काम होतं त्यांचं."

ते मला माहीत आहे, आणि राग त्याचाच आहे, असं मी तिला सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला. जिन्यापर्यंत सोडायला आली ती तोंड फुगवूनच, आणि मी तिची समजूतही घातली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारापुढे मांडव घातला होता. वंदना झाली, भाषणं झाली. जे लोक त्याच्या हयातीत त्याच्या जिभेला घाबरून चार हात लांब राहिले, त्यांनी त्याला मृदू म्हणून घेतलं. मग मी नुसत्या ढोलकीवर पाटीचं गाणं म्हटलं. बायका चढू लागल्या, धरून ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच आवाजानं त्यांना मागे ओढत राहिले, आणि त्या ओढाओढीत तिसरं कडवं माझ्या तोंडून निसटलं. दुसऱ्यावरून मी सरळ शेवटच्या मुखड्यावर आले. लक्षात आलं तेव्हा ढोलकीवाला माझ्याबरोबर आला होता, कोरसनं मुखडा उचललाही होता, टाळ्या पडत होत्या. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं.

खाली उतरले तर लोक भेटायला आले. लई छान झालं ताई, भास्करदादा असते तर खूश झाले असते. ते गाणं माझ्याइतकंच पाठ असलेल्या गयाबाईंनी नुसता माझा हात दाबला आणि डोळे पुसले. मी चपला शोधत होते तेव्हा प्रज्ञा पाण्याचा ग्लास घेऊन आली, अजून जरा घुश्शातच. निदान ही तरी बोलेल, असं वाटून मी तिला विचारलं, "काही चुकलं का गं माझं?"

"नाही आत्या," ती म्हणाली. "छान झालं."

मामीचं नाव गाण्यातून गळलं होतं, आणि तिचीच नात मला छान झालं म्हणत होती. भास्करचा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता.