कुलपातलं यीस्ट

माझी मोठी बहीण विद्यापीठात प्राध्यापक आहे आणि जगातल्या प्रत्येक माणसावर तिचा संशय आहे. माझ्यावरही. चहात साखर कमी पडली तरी ती आधी माझ्याकडे बघते, मग डब्याकडे. मी कोर्टात टायपिस्ट. दिवसभर लोकांचे एकमेकांवरचे आरोप टाइप करायचे आणि घरी येऊन ताईचे ऐकायचे, हे माझं आयुष्य.

तिचं काम मला कळलंय तेवढं सांगते. डोंगरात वाढणारं एक झुडूप आहे. त्याच्या सालीतून हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं औषध निघतं, पण मूठभर औषधासाठी अख्खा डोंगर सोलावा लागतो. ताईने त्या झुडपाची जनुकं यीस्टमध्ये बसवली. पाव फुगवायला घालतात ना, तेच यीस्ट. आता त्याला साखर खायला घातली की ते औषध बनवतं. सांगताना एका दमात झालं, पण ताईची त्यात नोकरीची निम्मी वर्षं गेली, केस पिकले आणि लग्नाचं राहिलं ते राहूनच गेलं.

संशय काही तिला जन्मजात नव्हता. पीएचडी करताना तिच्या गाइडने तिचं पहिलं मोठं काम सरळ स्वतःच्या नावावर छापलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमची ताई पाणीसुद्धा फुंकायला लागली. प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेवर तिने जुनं कॅलेंडर चिकटवलं. प्रिंटरमधून कागद बाहेर येईपर्यंत ती तिथे पहारा द्यायची. आणि यीस्टच्या जनुकांत तिने एक खूण दडवून ठेवली. औषधाशी त्या खुणेचा काही संबंध नाही, ठाऊक फक्त ताईला. कुणी यीस्ट चोरलंच तर ओळखता यावं, एवढ्यासाठी.

"म्हणजे गाईला डाग देतात तसंच की," मी म्हटलं.

"गाय निदान हंबरते तरी," ताई म्हणाली.

मग तिची नजर विभागाच्या डीप फ्रीझरवर गेली. तिथल्या कडाक्याच्या थंडीत यीस्ट वर्षानुवर्षं जसंच्या तसं झोपून राहतं. पण त्याची किल्ली ज्याच्या-त्याच्या हातात! एके दिवशी ताईने आपल्या सगळ्या नळ्या तिथून काढल्या आणि यीस्ट स्वतःच्या केबिनमधल्या साध्या फ्रिजमध्ये कुलपात ठेवलं. साध्या फ्रिजमध्ये ते फार टिकत नाही. म्हणून दर आठवड्याला थोडं यीस्ट उचलून ती नव्या बशीत वाढवायची. स्वतःच्या हाताने, दार लावून.

अशी काही वर्षं गेली आणि यीस्टने औषध करणं बंद केलं. साखर चापून खातंय, झकास वाढतंय, औषधाच्या नावाने मात्र शून्य.

"कुणीतरी बदललंय," ताई म्हणाली. "माझं पळवलं आणि तसंच दिसणारं दुसरं ठेवलं."

"कुणी?"

"मौनीने. दुसरं कोण?"

मौनी हा तिचा जुना विद्यार्थी. बोलणं इतकं कमी की हे नाव पडलं. डॉक्टरेट मिळवून तो नुकताच दुसऱ्या कॉलेजात लागला होता, अजून कायम झाला नव्हता. ताईने अख्खा विभाग पिंजून काढला, एकेकाला खोदून खोदून विचारलं. शिपायाला आठवलं, की मॅडमनी फ्रीझर रिकामा केला त्याच दिवशी मौनी बर्फाच्या डब्यात एक नळी घालून बाहेर पडला होता. मग काय, सगळ्यांनाच आठवायला लागलं. तो कसा बघायचा, कसा गप्प बसायचा. खरं सांगते, मलाही तो कधी पटला नव्हता. जेवायला बोलावलं तरी पोराची मान ताटातून वर येत नसे.

ताई माझ्यासमोर येऊन बसली. "तक्रार टाइप कर. त्याच्या प्राचार्यांना."

ही तक्रार गेली की त्याची नोकरी गेली, आणि पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत त्याला कुणी उभंही केलं नसतं. मी हात मागे घेतले.

"ताई, कोर्टात नुसत्या वासावरून फाशी देत नाहीत. पुरावा आण."

"तूही त्याच्यातलीच!" असं म्हणून ती तणतणत निघून गेली. पण पुरावा आणायला गेली. यीस्टची जनुकं वाचून घ्यायची. तिची खूण सापडली नाही, की यीस्ट परकं आणि मौनी चोर.

निकाल आला त्या दिवशी ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"खूण आहे," ती म्हणाली.

"म्हणजे यीस्ट तुझंच?"

"माझंच. औषधाचं जनुक तेवढं तुटलंय." तिने वाकून एक चप्पल काढली. "औषध करणं म्हणजे यीस्टच्या डोक्यावर ओझं असतं गं. लाखात एखादं ते टाकून देतं. मग ते मोकळं होऊन भराभर वाढतं. मी दर आठवड्याला नवी बशी करायचे, दर वेळी कामचुकार थोडे जास्त यायचे. शेवटी तेवढेच उरले. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते!"

"मग तुझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"डोक्यात चोर बसला होता ना."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगीच नाही. मला तिची कीव आली आणि संतापही आला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाली होती, आणि तीही माझ्या हातून. पण संशय असा मरतो थोडाच? "नळी तर त्याने नेलीच होती," ती पुटपुटली. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि मौनीच्या घरी घेऊन गेले.

त्याने दार उघडलं, बसायला खुर्च्या पुढे केल्या. ताई बसलीच नाही.

"मी फ्रीझर रिकामा केला त्या दिवशी तू नळी नेलीस?"

"नेली."

ताईने वळून माझ्याकडे बघितलं.

"कुठे आहे?"

"आपल्या विभागाशेजारच्या इमारतीत, केमिस्ट्रीवाल्यांच्या डीप फ्रीझरमध्ये. तुमच्याच नावाने ठेवलीय. बशीत ठेवून ठेवून यीस्ट काम सोडून देईल असं वाटलं, म्हणून."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगायला आलो होतो, मॅडम. तुम्ही म्हणालात, माझ्या यीस्टमध्ये तुला एवढा रस कशाला?"

ते वाक्य ताईचंच होतं. मी घरात शंभरदा ऐकलंय.

"आता सगळ्यांकडे चौकशी करताय असं कानावर आलं," तो म्हणाला. मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "वाटलं, माझ्याकडेही याल. रोज वाट बघत होतो. तुम्ही शिपायालासुद्धा विचारलंत, मलाच नाही."

ताई खुर्चीत बसली आणि रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाणी आणून देऊन मौनी म्हणाला, "उद्या नळी तुमच्या केबिनमध्ये आणून देतो."

"नको," ताई डोळे पुसत म्हणाली. "मी तिथे जाऊन गोठलेल्यातलं वरचं थोडं खरवडून घेईन. नळी तिथेच राहू दे. तुझ्या भरवशावर."